जुना स्पीकर दुरुस्त करायचा म्हणजे नेमकं काय परत आणायचं? एआर-३ची गोष्ट

संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या महिन्यातच ‘प्राथमिक साधनं’ हा शब्द कानावर पडतो. पत्रं, दप्तरं, ताम्रपट, जनगणनेचे तक्ते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करायचं असेल तर या यादीत यंत्रंही येतात, आणि यंत्रांची पंचाईत अशी की ती चालू करावीशी वाटतात. बखरीचं पान फाटलेलं असेल तर आपण त्या जागी स्वतःचा मजकूर लिहीत नाही. साठ वर्षांचा स्पीकर वाजत नसेल तर मात्र तो उघडतो, आतलं काढतो, नवं घालतो, आणि वाजायला लागला की म्हणतो, ‘बघा, १९६० साली असा आवाज यायचा.’ हे वाक्य कितपत खरं आहे आणि ते तपासायला काय माहीत असावं लागतं, हा आजचा विषय.

उदाहरण एकच घेते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज नावाचं गाव आहे, तिथल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा एआर-३ हा घरगुती स्पीकर. १९५८-५९च्या सुमारास तो बाजारात आला. त्याचा एक नमुना आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि बाकीचे हजारो लोकांच्या घरात, माळ्यावर, जुन्या मालाच्या दुकानात. जुने स्पीकर जमवणाऱ्यांचं त्याच्यावर फार प्रेम आहे. मी हा निवडला त्याचं कारण वेगळं. याचं भौतिकशास्त्र बारावीच्या पुस्तकाइतकं सोपं आहे, आणि तेच समजलं नाही तर याची दुरुस्तीही चुकते आणि इतिहासही.

हवेची स्प्रिंग

एडगर विल्चर (१९१७–२०११) हा माणूस मुळात कलेच्या इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, तिथे रेडिओ आणि रडारच्या देखभालीचं काम शिकला, आणि परत आल्यावर न्यूयॉर्कमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादनावर वर्ग घेऊ लागला. म्हणजे ज्या स्पीकरच्या दुरुस्तीबद्दल आपण बोलतोय, त्याचा जनकच दुरुस्तीवाला होता. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. यंत्र कुठे बिघडतं हे ज्याला रोज बघावं लागतं, त्याला कुठला भाग उगीचच तिथे आहे हेही लवकर कळतं.

त्या काळी खालच्या पट्टीच्या आवाजाची, म्हणजे बासची, अडचण अशी होती. स्पीकरचा कागदी शंकू (दुकानातले मेकॅनिक त्याला नुसतं ‘कोन’ म्हणतात) मागेपुढे हलतो. त्याला मध्यावर धरून ठेवायला बाहेरून एक कड आणि आतून एक जाळीदार आधार असतो. हे दोन्ही मिळून स्प्रिंगचं काम करतात. शंकू थोडा हलतो तोवर ही स्प्रिंग नियमात वागते, पण बासला शंकू बराच हलावा लागतो, आणि कापड किंवा कागद ताणाच्या टोकाला आला की दुप्पट जोराला दुप्पट हलत नाही. तिथे आवाज बिघडतो. शिवाय असा स्पीकर बंद पेटीत ठेवला की पेटीतली हवाही त्याला मागे ढकलते, स्प्रिंग आणखी ताठ होते आणि बास आणखी कमी होतो. त्यावर उपाय एकच मानला जायचा, पेटी मोठी करा. चांगला बास हवा असेल तर कपाटाएवढी पेटी, किंवा खोलीच्या कोपऱ्यात बसणारा भला थोरला कर्णा.

विल्चरने प्रश्न उलटा केला. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते ना? मग तिलाच मुख्य स्प्रिंग करू, आणि कापडाची स्प्रिंग जवळजवळ काढून टाकू. हवा ही कापडापेक्षा कितीतरी प्रामाणिक स्प्रिंग आहे. हिशेब करून बघा. बाराइंची वूफरच्या शंकूचं क्षेत्रफळ सुमारे ०.०५ चौरस मीटर धरलं आणि तो ६ मिलिमीटर आत गेला असं मानलं, तर दाबली गेलेली जागा ०.३ लिटर. पेटी साधारण ४८ लिटरची. म्हणजे हवेचं आकारमान एक टक्कासुद्धा बदललं नाही, आणि एवढ्या छोट्या बदलाला हवेचा दाब अगदी सरळ रेषेत वाढतो. पहिल्या प्रायोगिक वूफरला त्याने गादीच्या कापडासारख्या कापडाची सैल कड लावली. ते कापड बेतून द्यायला त्याची पत्नी रोझमेरी होती. युद्धकाळात तिने नकाशे-आराखडे काढायचं काम केलं होतं.

या युक्तीतली खरी गंमत अशी की लहान पेटी ही आता तडजोड उरली नाही, गरज झाली. पेटी मोठी केली तर हवेची स्प्रिंग ढिली पडते आणि सैल कडेचा वूफर बेताल होतो. इतरांना जी गोष्ट अडचण वाटत होती ती विल्चरने आराखड्याचा पाया केली.

प्रस्थापित कंपन्यांना त्याने कल्पना देऊ केली, कुणी घेतली नाही. त्याच्या वर्गातला एक विद्यार्थी, हेन्री क्लॉस, एमआयटीतलं शिक्षण अर्धवट सोडलेला, केंब्रिजमध्ये आधीपासूनच स्पीकरच्या पेट्या बनवून विकत होता. दोघांनी मिळून १९५४ साली कंपनी काढली आणि त्याच वर्षी एआर-१ आणला. १९५७ साली क्लॉस आणि दोन सहकारी बाहेर पडले आणि केएलएच ही स्वतःची कंपनी काढली. त्या भांडणाच्या तपशिलात इथे शिरत नाही, आपल्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो किमतीने. पैशांची नव्हे, ऊर्जेची किंमत. केएलएचच्या तीन भागीदारांपैकी जे. अँटन हॉफमन याच्या नावाने एक नियम ओळखला जातो. खोल बास, लहान पेटी आणि जास्त कार्यक्षमता या तिन्हींपैकी दोनच मिळतात. विल्चरने पहिल्या दोन घेतल्या, म्हणून त्याचे स्पीकर वीज खायचे. त्याआधीच्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमधून दहा-पंधरा वॉट मिळाले तरी पुरेसे मानले जायचे. एआर-३ला निदान २५ तरी हवेत असं सांगितलं जाई. आणि नेमकी १९५८ साली स्टिरिओ तबकडी बाजारात आली. आता दिवाणखान्यात एक नाही, दोन स्पीकर ठेवायचे. कपाटाएवढ्या दोन पेट्या कोण ठेवणार? पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीला अचानक बाजार मिळाला आणि त्यासोबत जास्त ताकदीच्या, स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरलाही. डायनाको कंपनीचा स्टिरिओ ७० हा १९५९ सालचा, दर बाजूला ३५ वॉट देणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प याच जागेत बसला. त्याच्याकडे नंतर येऊ.

विद्यार्थ्यांना एक सांगावंसं वाटतं. ‘विल्चरने लहान स्पीकर शोधला आणि जग बदललं’ असं वाक्य तुम्हाला पुष्कळ ठिकाणी मिळेल. त्यात स्टिरिओ तबकडीही नाही आणि अ‍ॅम्प्लिफायरही नाही. त्या दोन गोष्टी नसत्या तर तोच स्पीकर ‘फार वीज खाणारा, विचित्र’ म्हणून बाजूला पडला असता, अशी शक्यता मला बरीच वाटते.

शोध कुणाचा, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. विल्चरला १९५६च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. इलेक्ट्रो-व्हॉइस या कंपनीने ते मानलं नाही. आरसीएचे हॅरी ओल्सन यांचं १९४९चं पेटंट पुढे आलं आणि विल्चरचा हक्क टिकला नाही. त्याने वरच्या कोर्टात न जायचं ठरवलं. यानंतर कुणालाही परवाना न घेता असे स्पीकर बनवता आले, आणि त्या पद्धतीच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचं एक कारण हेही आहे. कायद्याच्या दृष्टीने प्राधान्य ओल्सनचं. पण बाजारात चालणारी, हजारोंच्या संख्येने बनणारी वस्तू विल्चरची. इतिहास लिहिताना ‘पहिला कोण’ विचारलं की ‘कशातला पहिला’ हा प्रश्न सोबत ठेवावा लागतो. विल्चर पुढे श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळला आणि तिथलं काम त्याने पेटंट न घेता सरळ प्रसिद्ध केलं. यामागे आधीचा अनुभव होता का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी तसं लिहिणार नाही, कारण नंतर घडलेल्या गोष्टीला आधीची गोष्ट कारण म्हणून चिकटवणं सोपं असतं.

वाजवून दाखवलेला पुरावा

कंपनीने आपल्या स्पीकरचा खरेपणा सिद्ध करायला एक जाहीर प्रयोग केला. फाइन आर्ट्स क्वार्टेट हे तंतुवाद्यांचं चौकट मंचावर बसायचं. मध्येच वादक धनुकली नुसती हलवत राहायचे, आवाज यायचा तो एआर-३मधून. मग पुन्हा प्रत्यक्ष वाजवायचे. बदल कुठे झाला हे श्रोत्यांना ओळखता येत नसे, असं त्या कार्यक्रमांबद्दल सांगितलं जातं. स्पीकर डायनाकोच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालत. इथे तांत्रिक कौशल्य खरोखर होतं. उदाहरणार्थ, ध्वनिमुद्रण ‘कोरडं’ असावं लागतं, नाहीतर मुद्रणाच्या खोलीचा घुमारा आणि सभागृहाचा घुमारा असे दोन घुमारे एकावर एक चढतात आणि भांडं फुटतं.

आता हाच प्रयोग चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे न्या. १९१५पासून एडिसनच्या कंपनीने ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम केले. गायिका मंचावर उभी, शेजारी फोनोग्राफ, मध्येच अंधार. गायिका थांबली आणि यंत्र गायला लागलं हे श्रोत्यांना कळलं नाही, असं तेव्हाही छापून आलं. तो फोनोग्राफ विजेवर आवाज वाढवणाराही नव्हता, सुईची थरथर सरळ कर्ण्यातून बाहेर यायची. आज तो ऐकला तर लहान मूलही फरक सांगेल. त्या कार्यक्रमांत गाणाऱ्या अ‍ॅना केस हिने पुढे सांगितलं की आपला आवाज यंत्रापेक्षा मोठा होऊ नये याची ती काळजी घेत असे.

मला यातून एआर-३ खोटा होता असं सुचवायचं नाही. त्याची मोजमापं त्या काळाच्या मानाने फारच चांगली होती. पण ‘श्रोत्यांना फरक कळला नाही’ हा निष्कर्ष स्पीकरबद्दल जितकं सांगतो तितकंच श्रोत्यांच्या सवयीबद्दल, मंचाच्या मांडणीबद्दल आणि वादकांच्या संयमाबद्दल सांगतो. १९१५ आणि १९६० या दोन्ही वर्षी तोच निकाल येत असेल, तर त्या निकालाचा मोजपट्टी म्हणून उपयोग बेतानेच करायचा.

म्हणूनच मूळ वस्तूकडे जावंसं वाटतं. साक्षीदारांचं राहू द्या, स्पीकरच ऐकू. आणि इथे खरी अडचण सुरू होते.

काय बिघडलं तर काय बिघडतं

एआर-३ विकत घेताना बहुतेक जण आधी लाकूड बघतात, मग जाळीचं कापड, मग मागचा क्रमांक. वाजवून बघितलं की निम्म्या वेळा वरचे सूर येत नाहीत, आणि विकणारा म्हणतो ‘ट्वीटर गेला’. ट्वीटर बहुधा ठीक असतो. पेटीच्या मागे मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज कमीजास्त करायला दोन बटणं असतात. त्यातल्या तारेच्या वेटोळ्यावर आणि सरकत्या पट्टीवर गंज चढतो, हिरवी बुरशी धरावी तसा. बटण चारदोन वेळा पुढेमागे फिरवलं की कर्रकर्र करत ट्वीटर जागा होतो. पण या बटणांतच एक इतिहासाचा प्रश्न दडलाय. ती प्रत्येकाने आपल्या खोलीप्रमाणे लावली होती. मग ‘एआर-३चा मूळ आवाज’ कुठल्या बटणावरचा? काही जण गंजलेलं बटण काढून त्याजागी आधुनिक एल-पॅड लावतात. तो दिसायला तसाच, पण विजेच्या दृष्टीने वेगळा वागतो. मूळ बटण फिरवलं की आधीच्या फिल्टरवरचा भार बदलायचा, एल-पॅड तो भार स्थिर ठेवायला बनवलेला असतो.

वूफरकडे येऊ. इथे विल्चरचं तत्त्व दुरुस्तीची दिशा ठरवतं, म्हणून थोडं थांबते.

कापडी कडेवर हवा अडवायला एक रबरी लेप दिलेला असे. वर्षं गेली की तो वाळतो आणि कापडाच्या विणीतून हवा गळते. तपासणी सोपी. शंकू चारी बाजूंनी बोटांनी हलकेच आत दाबा, क्षणभर धरा आणि सोडा. तो आळसावल्यासारखा, सावकाश बाहेर आला तर पेटी हवाबंद आहे. टपकन आला तर कुठेतरी गळती आहे.

आता दोन बिघाडांची तुलना करू. समजा, वूफर मोकळ्या हवेत सेकंदाला २० वेळा कंप पावतो आणि पेटीत बसवल्यावर ४३ वेळा. (४३ हा एआर-३च्या पेटीतल्या आकड्याजवळचा, २० मी हिशेबाला घेतलाय.) कंपनसंख्येचा वर्ग ताठरपणाच्या प्रमाणात असतो, म्हणजे एकूण ताठरपणा नुसत्या कापडाच्या सुमारे ४.६ पट. त्यातला एक भाग कापडाचा, ३.६ भाग हवेचा. जवळजवळ ७८ टक्के स्प्रिंग हवेची. समजा वयामुळे, किंवा कुणीतरी जाड लेप फासल्यामुळे, कापड दुप्पट ताठ झालं. मोकळ्या हवेतला आकडा २०चा २८वर जाईल. नुसता वूफर हातात घेऊन मोजणारा घाबरेल. पण पेटीत एकूण ताठरपणा ४.६चा ५.६ होईल आणि ४३चे फार तर ४७ होतील. बिघाड आहे, पण स्पीकर ओळखू येईल. याउलट कापड अगदी नव्यासारखं मऊ आहे, पण पेटीच्या मागच्या फळीला बारीक फट आहे. मग ७८ टक्क्यांची स्प्रिंगच गळतेय. आकडे बघून नुसता वूफर पास होईल आणि स्पीकर मात्र तोच राहणार नाही.

म्हणजे या यंत्राला एक म्हातारपण सोसतं, दुसरं सोसत नाही. कुठलं सोसतं हे लाकूड किंवा कागद बघून कळत नाही. ते ज्या कल्पनेवर बांधलंय ती कल्पना माहीत असली तर कळतं. विल्चरच्या आधीच्या, कापडाच्याच स्प्रिंगवर चालणाऱ्या स्पीकरला हाच हिशेब लावला तर निकाल उलटा येतो.

यावरून ‘सुधारणा’ करणाऱ्यांचंही बघा. सर्वात दुःखद प्रकार म्हणजे बंद पेटीला भोक पाडून नळी बसवणं, ‘बास वाढेल’ म्हणून. त्या सैल वूफरला आवरणारी हवाच मोकळी सोडली. आतली काचेच्या धाग्याची भरणी काढून कमी-जास्त करणं हा दुसरा प्रकार. ती भरणी केवळ आवाज शोषायला नसते. हवा झटकन दाबली की तापते, आणि तापली की जास्त ताठ होते. धागे ती उष्णता शोषून घेतात, त्यामुळे हवेची स्प्रिंग थोडी मऊ होते, जणू पेटीच मोठी झाली. थोडक्यात, ती भरणी स्प्रिंगचाच भाग आहे. दुरुस्तीवाल्याने पसाभर धागे टाकून दिले तर त्याला वाटतं कचरा काढला. (हे धागे हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, दोन दिवस खाजत बसायचं नसेल तर.)

सत्तरच्या दशकात कंपनीने वूफरच्या कडेला कापडाऐवजी फोम वापरायला सुरुवात केली होती. फोम हवेतल्या ओलाव्याने कुजतो, बोट लावलं की भुगा होतो, आणि मुंबई-कोकणच्या हवेत तर काय विचारायलाच नको. फोमची नवी कड चिकटवणं ही आज सर्वात रूढ दुरुस्ती आहे. पण कापडाचा जुना वूफर धडधाकट असताना ‘जुनं आहे’ म्हणून फोमची कड लावून घेणारेही भेटतात. त्या क्षणी ती वस्तू १९६०ची साक्ष द्यायची थांबते आणि १९७५ची देऊ लागते, पेटीवर क्रमांक मात्र १९६०चा.

इथे ‘मूळसारखं’ या शब्दाचे तीन अर्थ एकमेकांत मिसळतात. फिल्टरमधला कपॅसिटर घ्या. तोच पदार्थ हवा असेल तर जुना मेणकागदी कपॅसिटर तसाच ठेवायचा, मग त्याचं मूल्य भरकटलेलं का असेना. तोच आकडा हवा असेल तर लॅमिंग्टन रोडवरून तितक्याच मायक्रोफॅरडचा नवा फिल्म कपॅसिटर आणायचा. आणि तेच काम हवं असेल तर विचार करावा लागतो, कारण जुन्या कपॅसिटरला स्वतःचा थोडा रोध होता, नव्याला नगण्य आहे, आणि आराखडा करणाऱ्याने तो रोध जमेस धरून बाकीचं जुळवलेलं असू शकतं. संग्रहालयाला पहिला अर्थ प्यारा. गाणं ऐकणाऱ्याला तिसरा. दुसरा सर्वात सोपा, म्हणून सर्रास केला जातो. संशोधकाचं उत्तर त्याच्या प्रश्नावर अवलंबून असतं. कारखान्यात माल कुठून यायचा हे शोधायचं असेल तर वाजला नाही तरी चालेल, काहीही बदलू नका. लोक काय ऐकत होते हे शोधायचं असेल तर बदलावं लागेल, पण काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून डब्यात ठेवा.

मूळ कुणाचं?

डायनाको स्टिरिओ ७०ने हा प्रश्न आणखी अवघड केलाय. तो तयारही मिळायचा, पण फार मोठ्या प्रमाणावर विकला गेला तो सुट्या भागांचा संच म्हणून. छापील सर्किट लावलेलं यायचं, ट्रान्सफॉर्मर यायचे, बाकी जोडणी घरच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री घेऊन. आराखडाही त्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून केलेला. व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह लावायला मीटरवर १.५६ व्होल्ट दिसेपर्यंत एक बटण फिरवायचं. हा आकडा असाच नाही आला. दोन ईएल३४ व्हॉल्व्हचा मिळून १०० मिलिअँपियर प्रवाह १५.६ ओहमच्या रोधातून गेला की १.५६ व्होल्ट होतात, आणि टॉर्चच्या नव्या कोऱ्या सेलचा दाबही साधारण तेवढाच असतो. घरातला स्वस्त मीटर खरा की खोटा हे नव्या सेलवर ताडून बघता येतं. इतका शहाणा आकडा मी दुसऱ्या कुठल्या सर्किटमध्ये पाहिलेला नाही.

पण मग अशा अ‍ॅम्पचं ‘मूळ’ कुठलं? आतली वेडीवाकडी सोल्डरिंग एखाद्या अज्ञात ग्राहकाची. ती काढून नीटनेटकी केली तर यंत्र सुधारेल आणि त्या माणसाचा एकमेव पुरावा पुसला जाईल. कारखान्याचे इतिहास पुष्कळ लिहिले गेलेत. टेबलावर बसून अ‍ॅम्प जोडणाऱ्यांचा इतिहास बहुतांशी अशा सांध्यांमध्येच शिल्लक आहे.

भावनेपुढे काही दुरुस्त्या मात्र टाळता येत नाहीत. व्हॉल्व्हना ऋण दाब पुरवणारा सेलेनियमचा रेक्टिफायर म्हातारा झाला की तो दाब कमी पडतो, ईएल३४ लालबुंद तापतात आणि सोबत महागडा ट्रान्सफॉर्मर नेतात. तो बदलायचाच. मोठ्या गोल डब्यातला चार भागांचा कपॅसिटर फुगला असेल तर तोही. आत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो. ज्याला हे नीट माहीत नाही त्याने झाकण उघडू नये. आणि अमेरिकेतून आणलेला असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, पण आपली ५० हर्ट्झची वीज ६०ची करत नाही. आतला ट्रान्सफॉर्मर त्यामुळे जरा जास्तच तापतो.

आता मोजमापाच्या भाषेबद्दल. आज कुणी जुना वूफर दुरुस्त केला की तो थिएल-स्मॉल आकडे मोजतो. हजार ओहमचा रोध मालिकेत लावायचा, कंपनसंख्या बदलत न्यायची, व्होल्टेज कुठे शिखर गाठतं ते टिपायचं. मग शंकूवर माहीत असलेलं वजन ठेवून पुन्हा मोजायचं. त्यावरून ताठरपणा, वस्तुमान, सगळं निघतं. यामागचं गणित ऑस्ट्रेलियात तयार झालं. नेव्हिल थिएल यांचा लेख तिथल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात १९६१ साली आला आणि दहा वर्षं जगाने फारशी दखल घेतली नाही. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी त्यावर पीएचडी केली. १९७१ साली थिएल यांचा लेख अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला आणि १९७२-७३मध्ये स्मॉल यांचे लेख तिथेच आले. त्यानंतर साऱ्या धंद्याची भाषा बदलली.

मी वर केलेला २०, ४३ आणि ७८ टक्क्यांचा हिशेब याच नंतरच्या भाषेच्या वळणाचा आहे. वूफर तपासायला ती उत्तम. पण ‘विल्चरने अमुक गुणोत्तर निवडलं’ असं वाक्य मी त्या हिशेबावरून लिहिलं तर १९७२ची शब्दसंपत्ती १९५४च्या माणसाच्या तोंडी घातली असं होईल. त्याच्या स्वतःच्या लेखनात, म्हणजे १९५७च्या त्याच सोसायटीच्या नियतकालिकातल्या लेखात, भर आहे तो विकृती कमी करण्यावर आणि स्प्रिंगच्या सरळपणावर. पेटी लहान झाली हे त्या विचाराचं फळ. नंतरच्या बाजाराने फळालाच बी समजलं. वस्तू मोजताना आपली भाषा वापरा, माणसाचा हेतू सांगताना त्याची.

शेवटी, प्रत्यक्ष विकत घ्यायला गेलात तर. विकणारा ‘सगळं ओरिजिनल आहे’ म्हणेल, आणि बहुतेकदा तो खोटं बोलत नसतो, त्याच्या हाती आलं तेव्हा तसंच होतं एवढंच. अमेरिकन बनावटीच्या सुट्या भागांवर आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन-तीन-चार आकडे कारखान्याचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. ६१२४ दिसलं तर १९६१चा चोविसावा आठवडा. कधी वर्षाचा एकच आकडा असतो, मग दशक बाकीच्या भागांवरून ठरवायचं. जोडीतल्या दोन्ही पेट्यांच्या मागच्या चिठ्ठ्या, वूफरवरचे शिक्के, कपॅसिटरवरचे शिक्के कागदावर समोरासमोर लिहून काढा, काहीही हलवायच्या आधी, आणि फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. सगळे शिक्के एकाच मोसमातले असतील तर भाग्य. एका पेटीत १९६१ आणि दुसरीत एकच कपॅसिटर १९७४चा निघाला, तर कुणीतरी १९७४नंतर ती उघडली होती, त्याला फरक ऐकू आला होता, आणि तो दुरुस्त करण्याइतकी ती त्याला हवी होती. सोल्डरचा रंग बाकीच्या सांध्यांशी जुळतो का, तेही त्याच कागदावर लिहा.